डोंबिवली ते दुर्गाडी, व्हाया रायगड

दिवाळी अंकातल्या प्रवासवर्णनाला दोन गोष्टी लागतात असा माझा समज आहे. एक दूरचे गाव आणि दुसरी लोकरीची बंडी. माझ्याजवळ दोन्ही नाहीत. या लेखातला माझा सगळा प्रवास डोंबिवलीहून कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापर्यंतचा, म्हणजे लोकलने दोन स्टेशने आणि पुढे रिक्षा. तेव्हा ज्यांना हिमशिखरे आणि शिकारे हवे असतील त्यांनी खुशाल पुढचे पान उलटावे. मी रागावणार नाही.

डोंबिवलीला पाहण्यासारखे काय आहे, असे एखाद्या पाहुण्याने विचारले म्हणजे आम्ही डोंबिवलीकर जरा घुटमळतो. गणपतीचे देऊळ आहे. दिवाळीच्या पहिल्या सकाळी नवे कपडे घालून तरुण मंडळी ज्या रस्त्यावर लोटतात तो फडके रोड आहे. पश्चिमेला मोठागावची खाडी आहे. सकाळची मुंबईकडे जाणारी गाडीही पाहण्यासारखी असते, चढण्यासारखी नसते. पण ज्याच्यासाठी मुद्दाम तिकीट काढून यावे असे काही आमच्या गावात आहे, हे मला स्वतःलाच दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. ते आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावर दोन मजले, एका लोखंडी कपाटात होते.

त्याचे असे झाले. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सभासदाची बखर हा माझा दरवर्षीचा नेम आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस बसून लिहिली, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. तीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची एक भली लांब यादी येते. पुतळ्या, पातशाही होन, सनगरी, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी, अशी नावांमागून नावे. ही यादी मी मोठ्याने, जरा ठेक्यात वाचून दाखवतो. वर्ग खूष होतो आणि परीक्षेला ती कोणी विचारत नाही म्हणून विसरूनही जातो. त्या वर्षी मात्र मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, होन दिसायला कसा असतो?"

मी खडू उचलला. फळ्यावर एक वर्तुळ काढले आणि त्याच्या आत अक्षरात लिहिले, "होन". वर्ग हसला, मीही हसलो, तास संपला. पण परतीच्या गाडीत, दोन गृहस्थांच्या मध्ये तिरका उभा असताना, मला त्या वर्तुळाची लाज वाटू लागली. इतकी वर्षे मी होनांचा हिशेब सांगत होतो आणि होन कधी पाहिला नव्हता. म्हणजे, पाहिला नव्हता असे तेव्हा मला वाटत होते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. रेल्वेच्या हिशेब खात्यात त्यांची हयात गेली. इमारतीतली पोरे त्यांना 'नाणेकाका' म्हणतात, कारण कोणाच्याही वाढदिवसाला ते पाकिटाऐवजी एक जुने नाणे देतात आणि आईबापांचा चेहरा पडतो. त्याच संध्याकाळी मी जिना चढून त्यांच्याकडे गेलो आणि फळ्यावरच्या वर्तुळाची कबुली दिली.

"बसा प्राध्यापक," ते म्हणाले. "होन माझ्याकडे नाही. सोनं मला परवडलं नाही, आणि तांब्याला चोर येत नाहीत. पण त्याचा भाऊ दाखवतो."

कपाटातून त्यांनी वह्यांसारख्या जाड आल्बमांची चळत काढली. एकेका पानाला वीस-वीस खण, आणि प्रत्येक खणात एक काळपट तांब्याचा तुकडा. शिवराई! एका बाजूला तीन ओळींत 'श्री', 'राजा', 'शिव'. दुसऱ्या बाजूला 'छत्र' आणि खाली 'पति'. सालही नाही, किंमतही नाही. शिवछत्रपतींनी ही पाडली, पुढच्या छत्रपतींनी पाडली, पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींतून ती पडत राहिली, आणि इंग्रज आल्यावरही खेड्यापाड्यांच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती चालली. राज्य गेले तरी पैसा राजाच्या नावाचाच राहिला.

मला अर्थात वेगळेच दिसू लागले. कोठे 'शिव'चा 'सिव' झालेला, कोठे दीर्घ 'सीव', कोठे वेलांटी नाण्याच्या कडेबाहेर निघून गेलेली. मी ते बोलून दाखवले तेव्हा नाणेकाका खवळले. "तुम्ही मास्तर लोक! अहो, ठसा कोरणाऱ्याला अक्षर उलटं कोरावं लागतं. तुम्ही 'छत्रपति' उलटं लिहून दाखवा, मग मार्क कापा." मी घरी येऊन लिहून पाहिले. मार्क कापण्याचा माझा अधिकार संपला आहे.

होनाबद्दल त्यांनी सांगितले ते असे. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला आणि त्या निमित्ताने स्वतःच्या नावाचे सोन्याचे नाणे निघाले. शिवराईवरचीच अक्षरे, पण आकार केवढा? करंगळीच्या नखाहून थोडा मोठा, तेरा-एक मिलिमीटर. वजन पावणेतीन-तीन ग्रॅमच्या मधले. मोगली मोहोरेचा मार्ग न धरता दक्षिणेच्या होनाचा मार्ग धरला, तो विजयनगरच्या वेळेपासूनचा. राज्याभिषेकाच्या वेळी गडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. महाराजांची सोन्याने तुला झाली तेव्हा पारड्यात सुमारे १६,००० होन पडले असे त्याने लिहून ठेवले आहे. तीन ग्रॅमचा एक होन धरला तर अठ्ठेचाळीस किलो झाले. (हा गुणाकार नाणेकाकांचा. त्यांच्यासमोर बखर उघडली की ते प्रथम बेरीज तपासतात.)

याच ऑक्झिंडेनने आपल्या कंपनीचे नाणे स्वराज्यात चालू द्यावे अशी मागणी केली. महाराजांचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसदार आणि वजनाचे असेल तर ते चालण्यास आमची मनाई नाही. पण लोकांना तोटा येईल असे नाणे घ्यायला आम्ही त्यांना भाग पाडणार नाही.

"आणि आता असे होन किती उरलेत?" मी विचारले.

त्यांनी एका हाताची पाची बोटे पसरली, मग दुसऱ्या हाताची दोन-तीन उघडून पुन्हा मिटली. "बोटांवर मोजण्याएवढे."

"कुठे गेले बाकीचे?"

"कुठे जाणार? मुशीत. अहो, तांब्याचा पैसा वितळवून कोणाला काय मिळणार? म्हणून शिवराई जुन्या बाजारात मोडीच्या ढिगात सापडते, शंभर-दोनशे रुपयांत. सोन्याचं नाणं मात्र घरातल्या प्रत्येक संकटात पहिलं जातं. आधी मुळात थोडे पाडले. मग १६८९ मध्ये रायगड पडला, खजिना मोगलांच्या हाती गेला. त्यातूनही जे वाचले ते मुलीचं लग्न, सारा, दुष्काळ. सोनं दुर्मिळ होतं ते सोनं असतं म्हणूनच."

त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. एकदा हे तिकडे गेले असता मुलाने त्यांना वॉशिंग्टनला नेले. बाकीची मंडळी व्हाइट हाउस पाहत असताना हे संग्रहालयातल्या नाण्यांच्या दालनात शिरले, ते संध्याकाळी पहारेकऱ्याने बाहेर काढले. तेव्हापासून अमेरिकेच्या जुन्या सुवर्णनाण्यांची कथा त्यांच्या जिभेवर असते, आणि ती आपल्या होनाच्या कथेची मावसबहीण शोभावी अशी आहे. अमेरिकेने १७९२ मध्ये टांकसाळीचा कायदा केला आणि १७९५ मध्ये फिलाडेल्फियाला पहिली सोन्याची नाणी पाडली. कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या पंधरा पट ठरवला. युरोपात तो त्याहून जास्त होता. झाले! पाच डॉलरचे नाणे बोटीत घालून पलीकडे नेले की त्यातल्या सोन्याचे पाचाहून अधिक डॉलर होऊ लागले. सरकार पाडी आणि सराफ गाळी. शेवटी १८३४ मध्ये नव्या नाण्याचे वजन कमी केले, तेव्हा जुनी नाणी आपल्या किमतीपेक्षा धातूने भारी ठरली आणि उरलीसुरलीही मुशीत गेली. १८२२ साली पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची टांकसाळीची नोंद आहे. त्या सालची आज तीन ठाऊक आहेत. दोन वॉशिंग्टनच्या त्या संग्रहालयाच्या मालकीची. तिसरे २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरला गेले, म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले साठ कोटींच्या वर रुपये.

"साठ कोटी!" मी म्हणालो.

"साठ कोटी कशाचे? सोनं त्यात पाऊण तोळा. बाकीची किंमत न वितळवल्याची."

या वाक्याने माझ्या पोटात काहीतरी हलले. पण का, ते मला दुर्गाडीवर जाईपर्यंत उमगले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. आश्विनातले ऊन होते. ठाकुर्ली गेली, कल्याण आले. स्टेशनाबाहेरच्या गर्दीतून रिक्षा वाट काढत खाडीशी पोहोचली. भिवंडीकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी दुर्गाडी उभा आहे. किल्ला म्हणावा एवढा मोठा नाही. थोडी तटबंदी, दुर्गादेवीचे देऊळ, खाली उल्हासची खाडी आणि पुलावरून अखंड धावणाऱ्या मालमोटारी. बुरुजाशी उभे राहिले की पाणी गढूळ, संथ दिसते. याच पाण्यात महाराजांच्या आरमाराची पहिली गलबते बांधली गेली, हे स्वतःला दोनदा सांगावे लागते.

कल्याण १६५७ मध्ये स्वराज्यात आले आणि या जागी किल्ल्याचा पाया खणताना अपार द्रव्य सापडले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. तिच्यात आबाजी सोनदेवांचे नाव येते. सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी हा कायदा इंग्रजांनी १८७८ मध्ये केला, दहा रुपयांच्या वरच्या सापडलेल्या ठेव्यासाठी. आबाजीपंतांची त्यातून सुटका झाली. कथा खरी की नाही याबद्दल विद्वानांनी वाद घालावा. पण कल्याणच्या मातीत सोने निघाले असेल यावर माझा चटकन विश्वास बसतो. हे बंदर दोन हजार वर्षांचे. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक खलाशी-पुस्तकात याचे नाव आहे. तिथे असेही लिहिले आहे की पूर्वी हा राजमान्य बाजार होता, पण पुढे इथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. आणि बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्याशी दात्याचे नाव कोरले आहे, ते कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचे! भिक्षूंना पाणी मिळावे म्हणून त्याने टाके खोदवले. समुद्रापलीकडून आलेले सोने त्याच्या मुशीतून गेले असेल का? सोनाराने काय वितळवले त्याचा शिलालेख कोणी कोरत नाही. त्याने दिलेल्या पाण्याचा मात्र राहिला आहे.

मी हे सगळे नाणेकाकांना मोठ्या ऐटीत सांगत होतो. ते रुमालाने मान पुसत ऐकत होते. मग सहज म्हणाले, "सोनारांना दोष देऊ नका. त्यांच्याकडे माणूस हसत कधी जातो? आपल्या आज्यांच्या पुतळ्या बघा ना."

आणि मला एकदम आजीची माळ आठवली.

पुतळ्यांची माळ हल्लीच्या मुलींना चित्रातूनच ठाऊक. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे ड्युकॅट. त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यकर्ता असतो. आपल्या बायकांना व्हेनिसशी काय कर्तव्य? नाण्यावर दोन माणसे उभी दिसतात, म्हणून त्या पुतळ्या. प्रत्येकीला डाख लावून कडी बसवायची आणि पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्यायची. पुढे आपल्याकडचे सोनारही तशाच पुतळ्या पाडू लागले. माझी आजी वाईची. तिच्या माळेत वीस पुतळ्या होत्या आणि मधोमध एक वेगळे, लहान नाणे होते. त्यावर माणसे नव्हती, अक्षरे होती. मी तिच्या मांडीवर बसून त्यातले 'श्री' वाचले होते. वाचायला नुकता शिकलेलो, त्यामुळे दिसेल ते अक्षर वाचायचो. "कोणाचं गं हे?" म्हणून विचारले तर आजी म्हणे, "थोरल्या महाराजांचं."

ती माळ १९८८ मध्ये मोडली. आम्ही गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत होतो. डोंबिवलीला ब्लॉक मिळत होता, बयाणा भरायचा होता आणि बाबांच्या पगारातून तो निघण्यासारखा नव्हता. आजीने स्वतः माळ काढून बाबांच्या हातात दिली. मी तेव्हा चौथीत होतो. ती रिकामी मखमली पेटी पुढे बरीच वर्षे माझ्या गोट्यांसाठी उपयोगी पडली.

बुरुजावरच मी हे नाणेकाकांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग खास त्यांच्या खात्यातले प्रश्न सुरू झाले. किती मोठे होते? कडा कशा होत्या? मागे काय होते? एकाचेही उत्तर मला येईना. "साताऱ्याकडे थोरले महाराज म्हणजे शाहू महाराजही होतात," ते म्हणाले. "आणि असली नक्कल नाणी माळेसाठी, देवासाठी सोनार पुष्कळ पाडत. नव्वद टक्के तसलंच काहीतरी असणार." खाली येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकी दिली, यावरून त्यांना माझी किती दया आली होती ते डोंबिवलीकरांच्या ध्यानात येईल.

पण मला आठवत होते. चौथीत आम्हा पोरांना एक वेड होते. नाण्यावर कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. खालचे चित्र कागदावर उमटते. दिवाळीची साफसफाई जवळ आलीच होती. त्या निमित्ताने मी माळ्यावर चढलो. सौभाग्यवतीला वाटले, पंधरा वर्षांत प्रथमच सांगितलेले काम न सांगता होते आहे. मी तिचा समज तसाच ठेवला. दोन ट्रंका, एक पाळणा, बाबांचा मोडका रेडिओ आणि त्यामागे वह्यांचा गठ्ठा. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते सापडले. एक चार आणे, एक दहा पैसे, एक पुतळी, आणि कोपऱ्यात एक लहानगे वर्तुळ.

मी ती वही शर्टाखाली घालून तिसऱ्या मजल्यावर नेली. नाणेकाकांनी भिंग लावले. वर 'श्री', पण कडीच्या डाखाने अर्धा खाल्लेला. खाली 'रा' स्वच्छ. पुढे 'जा' असावा. तिसरी ओळ पेन्सिल घसरल्याने नुसती करडी. कडेने ठिपक्यांची माळ. त्यांनी पट्टी लावली. तेरा मिलिमीटर, किंवा एखादा कमी. मग महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठी टांकसाळींवरचा १९८९ चा जाडजूड ग्रंथ काढून ते बराच वेळ त्यावर वाकले.

"मागची बाजू?"

पान उलटले. मागे नदीचे खोरे होते. मी दुसरी बाजू काढलीच नव्हती.

"अक्षरं जुळतात," ते म्हणाले, आणि भिंग खाली ठेवले. "माप जुळतं. पण पेन्सिलीची साक्ष कोर्टात चालत नाही. वजन हवं, सोन्याचा कस हवा. वजन मिळालं असतं तर काही बोलता आलं असतं."

वजन मिळाले. पाडव्याच्या आदल्या दिवशी नाणेकाका फराळाला आमच्याकडे आले होते. बाबांपुढे हा विषय काढायचा नाही असे आमचे ठरले होते. पण वही मी टेबलावर विसरलो. बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे काम झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "हा आईच्या माळेतला मधला."

कोणी काही बोलेना. बाबा उठले, आत गेले आणि ब्लॉकच्या कागदपत्रांची फाइल घेऊन आले. माणूस आयुष्यभर कारकून होता. करारनाम्याला टाचणीने लावलेली सोनाराची चिठ्ठी अजून तिथेच होती. पुतळ्या वीस, नग एक, कड्यांसह एकूण त्र्याहत्तर ग्रॅम. घट वजा जाता हाती आलेले एकवीस हजार आणि काही.

मी नाणेकाकांकडे पाहिले. त्यांचे ओठ हलत होते. अस्सल ड्युकॅट साडेतीन ग्रॅमचे, विसांचे सत्तर, उरले तीन. पण त्यात एकवीस कड्या आणि त्यांचा डाख. शिवाय पुतळ्या अस्सल होत्या की इथल्या, हलक्या? मधल्या नाण्याच्या वाट्याला तीन ग्रॅम येतात किंवा काहीच येत नाही. हिशेब खात्यातली हयात त्या चिठ्ठीपुढे अडली होती.

"आई म्हणाली होती, मधला तेवढा काढून ठेव," बाबा म्हणाले. ते आमच्याकडे पाहत नव्हते. "पुतळ्यांबद्दल काही म्हणाली नाही. तेवढंच म्हणाली. पण पैसे कमी पडत होते. सोनार म्हणाला, एकाने कितीसा फरक पडतो, राहू द्या हवा तर. मीच म्हटलं, घाला त्यात. घरी येऊन तिला सांगितलं, ध्यानात राहिलं नाही. ती काही बोलली नाही." मग त्यांनी नाणेकाकांना विचारले, "तुम्ही जाणकार आहात. तो महाराजांचा होता का हो?"

नाणेकाकांनी वही पुन्हा उचलली. भिंग खिशात असून काढले नाही. पान थोडे लांब धरून, जणू प्रथमच पाहतो आहोत असे पाहिले.

"खाली काय होतं, आठवतं का दादा?"

"राजा असं काहीतरी होतं."

"बरोबर. राजा राम," नाणेकाका म्हणाले. "रामटंका आहे हा. देवातला. वाईकडे घरोघर असायचे. सोनं असेल चार आण्याचं."

बाबा काही वेळ गप्प राहिले. "म्हणजे देवातला होता," ते म्हणाले. "मी आपला इतकी वर्षं..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. चकलीचा डबा नाणेकाकांकडे सरकवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. त्या रात्री ते लवकर झोपले.

जिन्यात मी नाणेकाकांना गाठले. ते कठड्याला धरून उभे होते. "रामटंक्यावर राम, लक्ष्मण, सीता असतात," मी म्हणालो. "नुसती अक्षरं आणि ठिपक्यांची कड नसते. तुम्हीच दाखवलंय मला."

"असतात," ते म्हणाले. "तुम्ही बखर शिकवता ना? मग समजा, मी एक ओळ घुसडली." आणि एक-एक पायरी चढत वर गेले.

बाबा गेल्या माघात गेले. म्हणून हे आता लिहितो आहे. पुढे मी मुंबईला जाऊन रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय पाहिले, अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संस्थेतही जाऊन आलो. फळ्यावर आता मी वर्तुळात तीन ओळी लिहितो आणि कडेने ठिपके काढतो. आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. तळमजल्याची बिऱ्हाडे हललीसुद्धा. ज्या ब्लॉकमध्ये ते नाणे जिरले तो पुढच्या दिवाळीला बहुधा नसेल. त्या जागी लिफ्ट असलेला मनोरा उभा राहील, आणि नाणेकाकांच्या गुडघ्यांना त्याचे फार बरे वाटेल असे ते म्हणतात.

परवा माझ्या मुलीचा वाढदिवस झाला. त्यांनी तिला पाकिटातून एक शिवराई दिली, 'सिव'वाली. ती ताबडतोब कागद आणि पेन्सिल घेऊन जमिनीवर बसली. हे पोरांना कोण शिकवतो कोण जाणे. 'श्री' उमटला, 'राजा' उमटला, आणि ती नाणे टाकून उठू लागली.

"थांब," मी म्हटले, "उलटं कर. मागची बाजूही काढ."